धावपटूची प्रगती मोजायची कशी?

हिवाळा सुरू झाला की महाविद्यालयांच्या मैदानांवर फक्कीचे पट्टे ओढले जातात, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या तारखा फलकावर लागतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत पारितोषिक वितरणाचे समारंभ होतात. या समारंभांत आता बऱ्याच ठिकाणी एक पारितोषिक ‘वर्षभरात सर्वाधिक प्रगती करणाऱ्या खेळाडू’साठी राखून ठेवलेले असते. कल्पना उत्तम आहे. जो पहिला आला त्याचे कौतुक सारेच करतात. जो काल विसावा होता आणि आज आठवा आला त्याच्या कष्टांची दखलही कोणी तरी घ्यावी, यात गैर काहीच नाही. अडचण आहे ती प्रगती मोजण्याची. आणि ही अडचण वरवर दिसते तितकी किरकोळ नाही, हे प्रस्तुत लेखकाला स्वतःच्या चुकीतून शिकावे लागले आहे.

मी अर्थशास्त्र शिकवितो. मैदानाशी माझा संबंध प्रेक्षकापुरताच. तरीही काही वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या जिमखाना समितीवर माझी नेमणूक झाली, ती ‘तुमचे आकडे चांगले आहेत’ या एकाच कारणासाठी. एका देणगीदाराने ठेवलेल्या रकमेच्या व्याजातून धावपटूंना दरमहा खुराकाचा भत्ता दिला जात असे. नियम असा होता की, चालू वर्षीची सर्वोत्तम वेळ गतवर्षीच्या सर्वोत्तम वेळेतून वजा करावी; ज्याची वजाबाकी सर्वांत मोठी त्याला पारितोषिक, आणि ज्याची उणे त्याचा भत्ता बंद. नियम इतका सुटसुटीत होता की त्याविषयी शंका घेण्याचे कोणाच्या मनात आले नाही. तक्ता मीच तयार केला. त्यात पंधराशे मीटर धावणाऱ्या प्रथम वर्षाच्या एका मुलाची वेळ ५ मिनिटे १० सेकंदांवरून ४ मिनिटे ४१ सेकंदांवर आली होती. त्याच्या नावापुढे २९ सेकंद लिहिले गेले. शंभर मीटर धावणाऱ्या तृतीय वर्षाच्या एका मुलीची वेळ १२.९ सेकंदांवरून १३.०५ झाली होती. तिच्या नावापुढे मी उणे ०.१५ असे लिहिले, समितीने सही केली आणि तिचा भत्ता बंद झाला. ती दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली. तक्रार घेऊन नव्हे. तिने एवढेच विचारले, “सर, मी खरंच मंदावले का?” मी वजाबाकी पुन्हा करून दाखविली. वजाबाकी बरोबरच होती.

चूक होती ती ज्या दोन आकड्यांची वजाबाकी केली त्यांत. पहिली वेळ आमच्याच मैदानावर, मुरुमाच्या ट्रॅकवर, स्टॉपवॉचने घेतलेली. दुसरी विद्यापीठ स्पर्धेत, सिंथेटिक ट्रॅकवर, विजेवर चालणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेने. ही दोन घड्याळे एकाच गोष्टीचे मोजमाप करीत नाहीत. स्वयंचलित यंत्रणेत बार उडताक्षणीच घड्याळ सुरू होते आणि समाप्तिरेषेवरचा कॅमेरा शतांश सेकंदापर्यंत वेळ देतो. हाताच्या घड्याळात माणूस मध्ये येतो. बार झाल्याचे पाहून अंगठा दाबला जाईपर्यंत सेकंदाचा काही अंश निघून जातो. उलट धावपटू रेषेजवळ येताना डोळ्यांना दिसतच असतो, म्हणून शेवटी अंगठा बहुधा वेळेवर पडतो. सुरुवातीला हरवलेला हा काळ धावपटूच्या पदरात फुकट जमा होतो. म्हणूनच हाताने घेतलेल्या वेळेची स्वयंचलित वेळेशी तुलना करताना शंभर व दोनशे मीटरसाठी ०.२४ सेकंद आणि चारशे मीटरसाठी ०.१४ सेकंद मिळविण्याचा संकेत ॲथलेटिक्समध्ये रूढ आहे. त्या मुलीचे १२.९ म्हणजे वस्तुतः १३.१४. दुसऱ्या वर्षी ती १३.०५ धावली. म्हणजे ती मंदावली नव्हती, ती ०.०९ सेकंदाने सुधारली होती.

हेही पूर्ण सत्य नव्हे. हाताच्या घड्याळांसाठी नियम असा की तीन पंचांनी स्वतंत्रपणे वेळ घ्यावी, मधली वेळ ग्राह्य धरावी आणि घड्याळ पिस्तुलाच्या धुरावर किंवा ठिणगीवर सुरू करावे, आवाजावर नव्हे. कारण साधे आहे. आवाजाला शंभर मीटर अंतर काटायला सुमारे ०.२९ सेकंद लागतात. आमच्या मैदानावर पिस्तूल नव्हते. शारीरिक शिक्षणाच्या सरांची शिट्टी होती आणि समाप्तिरेषेवर एकच घड्याळ. शिट्टीचा आवाज ऐकूनच ते सुरू केले गेले असेल, तर तिच्या १२.९ मध्ये आणखी जवळजवळ तीन दशांश सेकंदांची सूट दडलेली होती आणि तिची खरी सुधारणा ०.०९ नव्हे, तर ०.४ च्या आसपास जाते. शंभर मीटरच्या शर्यतीत, तीन-चार वर्षे धावणाऱ्या मुलीच्या बाबतीत, ही फार मोठी झेप होय. वाऱ्याचा तर आम्ही विचारच केला नव्हता. पाठीमागून सेकंदाला २ मीटरहून अधिक वेगाचा वारा असल्यास शंभर मीटरचा विक्रम मान्य होत नाही, कारण तेवढ्या वाऱ्याने सुमारे एक दशांश सेकंद वाचतो. वारा मोजण्याचे साधन किती महाविद्यालयांत असेल?

घड्याळाचा हा घोटाळा केवळ आमच्यासारख्या लहान मैदानांवरचा नाही. १९६० साली रोम ऑलिंपिकमध्ये मिल्खासिंग चारशे मीटरमध्ये चौथे आले. त्यांची अधिकृत वेळ ४५.६ सेकंद आपल्याकडे दोन पिढ्यांना पाठ होती. त्याच शर्यतीतील त्यांची विद्युत घड्याळावरची वेळ मात्र ४५.७३ आहे. १९९८ साली कोलकात्यात परमजितसिंग ४५.५६ सेकंदांत धावले तेव्हा अडतीस वर्षांचा विक्रम मोडला. किती फरकाने? जुनी हाताची वेळ धरली तर ०.०४ सेकंदाने, विद्युत घड्याळाची धरली तर ०.१७ ने. धावणारे तेच दोघे, शर्यतीही त्याच दोन. आणि सुधारणा एका हिशेबात दुसऱ्याच्या चौपट.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे सारे ओळखीचे वाटावे. पैशातील वेतन आणि वास्तव वेतन यांतील फरक आपण बी.ए.च्या वर्गात पहिल्या सत्रातच शिकवितो. कार्यालयात काम करणाऱ्या वाचकांना तर तो शिकविण्याचीही गरज नाही. पगार दोन हजारांनी वाढला म्हणून कोणी कारकून आपली स्थिती सुधारली असे मानत नाही. तो आधी महागाईचा निर्देशांक पाहतो, भाव किती चढले ते पाहतो आणि मगच हिशेब मांडतो. धावपटूच्या वेळेच्या बाबतीत मात्र आपण सारे भोळे होतो. घड्याळ, वारा, मातीचा ट्रॅक की सिंथेटिक, समुद्रसपाटीचे शहर की मेक्सिको सिटीसारखे सव्वादोन हजार मीटर उंचीवरचे, जिथे विरळ हवेत १९६८ साली जिम हाइन्स ९.९५ सेकंदांत शंभर मीटर धावला, हे सगळे भाव वजा केल्याखेरीज हाती राहिलेली सुधारणा वास्तव आहे की नाममात्र, हे ठरत नाही. अलीकडच्या काही वर्षांत यात बुटांचीही भर पडली आहे. नव्या हलक्या फेसाचे आणि आत ताठ पट्टी बसविलेले बूट घालून धावणाऱ्याची वेळ आणि साध्या स्पाइक्सवरची वेळ एकाच रकान्यात लिहिणे धाडसाचेच.

आता त्या प्रथम वर्षाच्या मुलाकडे वळू. त्याच्या २९ सेकंदांत घड्याळाचा दोष नगण्य होता; पाच मिनिटांच्या शर्यतीत पावपाव सेकंदाला महत्त्व नाही. तेव्हा त्याची सुधारणा खरीच होती. परंतु ती आणि त्या मुलीची सुधारणा एका तक्त्यात खाली-वर मांडणे योग्य होते काय? सेकंदांची तुलना तर सरळच चुकीची. शर्यतच तेरा सेकंदांत संपते, तिथे २९ सेकंद वाचविणार कोठून? टक्केवारी काढावी तर मुलाची वेळ ९.३५ टक्क्यांनी उतरते, मुलीची ०.०९ च्या हिशेबाने ०.७ टक्केही नाही. तरीही मनाचे समाधान होत नाही, कारण तो मुलगा गतवर्षीच पहिल्यांदा शर्यतीत उतरला होता. पहिल्या वर्षात जो नियमाने सराव करील तो सुधारतोच. शेतात पहिले खत घातल्यावर पीक जसे जोमाने वाढते, तसेच. पुढच्या प्रत्येक पोत्यामागे उत्पन्नाची भर कमी होत जाते, हा घटत्या सीमांत फलाचा नियम शेतकऱ्याला पुस्तकाविना ठाऊक असतो.

दशदशांगी स्पर्धेची, म्हणजे डेकॅथलॉनची, गुणपद्धती रचणाऱ्यांनी या नियमाची दखल घेतलेली दिसते. १९८५ पासून वापरात असलेल्या त्या सूत्रानुसार शंभर मीटर १२.० सेकंदांत धावणाऱ्यास ६५१ गुण मिळतात आणि ११.९ मध्ये धावणाऱ्यास ६७१. म्हणजे त्या एका दशांश सेकंदाचे मोल २० गुण. तोच दशांश १०.५ वरून १०.४ वर येताना वाचविला तर गुण ९७५ वरून ९९९ होतात, मोल २४. वर चढावे तशी प्रत्येक पायरी महाग होत जाते. आमच्या तक्त्यात मात्र सर्व पायऱ्यांचा भाव एकच होता. त्या मुलाला पारितोषिक मिळाले ते अन्यायाचे होते असे मी म्हणत नाही. कदाचित सर्व दुरुस्त्या करूनही ते त्यालाच मिळाले असते. पण त्या मुलीपुढे काढलेले उणे चिन्ह निखालस खोटे होते, आणि तिचा भत्ता त्या चिन्हामुळे गेला.

मोजमापाचा हा प्रश्न विस्ताराने पाहायचा तर अविनाश साबळे यांच्यासारखे दुसरे उदाहरण आपल्याजवळ नाही. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा हा मुलगा बारावीनंतर सैन्यात महार रेजिमेंटमध्ये दाखल झाला, सियाचीनच्या थंडीत राहिला आणि स्पर्धात्मक धावण्याकडे वळला तो विशी उलटल्यावर. त्यांची शर्यत स्टीपलचेसची : तीन हजार मीटर अंतरात २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरून उडी. या शर्यतीतील गोपाल सैनी यांचा ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम १९८१ पासून उभा होता. साबळे यांनी २०१८ साली भुवनेश्वरला ८:२९.८० अशी वेळ देऊन तो मोडला. पुढे २०१९ मध्ये दोहाच्या जागतिक स्पर्धेत अवघ्या तीन दिवसांत प्रथम ८:२५.२३ आणि मग ८:२१.३७, २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला ८:१८.१२; २०२२ च्या जूनमध्ये रबात येथे ८:१२.४८, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० आणि २०२४ च्या जुलैत पॅरिसला ८:०९.९१. सहा वर्षांत एकूण १९.८९ सेकंद.

ही प्रगती किती? वेळेच्या हिशेबाने ३.९ टक्के. वेगाच्या हिशेबाने पाहिले तर सेकंदाला ५.८८ मीटरवरून ६.१२ मीटर, म्हणजे सुमारे ४.१ टक्के, भागिले कशाने, यावर टक्केवारी बदलते, हे गणिताच्या शिक्षकांना सांगायला नकोच. आता जगातील सर्वोत्तमाशी असलेले अंतर पाहू. २०१८ मध्ये जागतिक विक्रम ७:५३.६३ होता, साबळे त्याच्या ३६.१७ सेकंद मागे होते. २०२३ साली इथिओपियाच्या लामेचा गिर्मा याने तो ७:५२.११ वर आणला. तरीही २०२४ च्या जुलैत साबळे यांचे अंतर १७.८० सेकंदांवर आले होते. म्हणजे निम्म्याहूनही अधिक अंतर त्यांनी कापले. एका मापाने चार टक्केही नाही, दुसऱ्याने पन्नास टक्क्यांच्या वर. दोन्ही मापे खरी आहेत आणि ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

क्रमांकाचे माप आणखी निराळे. टोकियोत त्यांनी स्वतःचाच राष्ट्रीय विक्रम मोडला आणि तरीही अंतिम फेरीत प्रवेश मिळाला नाही. बर्मिंगहॅमला केनियाच्या अब्राहम किबिवोटपेक्षा केवळ ०.०५ सेकंद मागे राहून रौप्यपदक मिळाले. पॅरिसच्या जुलैमधील शर्यतीत आयुष्यातील सर्वोत्तम वेळ दिली आणि क्रमांक सहावा आला. हांगचौच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली सुवर्णपदक मिळाले ते ८:१९.५० या वेळेला, म्हणजे स्वतःच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा आठ सेकंदांहून अधिक मंद धावून.

सर्वांत बोलके उदाहरण २०२२ च्या उन्हाळ्याचे आहे. जूनमध्ये ८:१२.४८ धावलेला हा माणूस जुलैत अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत ८:३१.७५ अशा वेळेने अकरावा आला. आमच्या जिमखाना समितीचा नियम लावला असता तर ‘उणे १९ सेकंद, भत्ता बंद’ असाच शेरा पडला असता. प्रत्यक्षात ती शर्यत सर्वांनीच जाणूनबुजून संथ ठेवली होती. मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत वेळेला किंमत नसते, पदकाला असते. म्हणून पुढे होऊन वारा अंगावर घेण्याची कोणाचीच इच्छा नसते. त्या शर्यतीचा विजेता, मोरोक्कोचा सूफियान एल बक्काली, याची वेळही ८:२५.१३ इतकी साधारण होती. रबात किंवा पॅरिसच्या शर्यतींत उलट प्रारंभीच्या फेऱ्यांसाठी गती ठरवून देणारा धावपटू मुद्दाम नेमलेला असतो आणि सारे त्याच्या मागे वेळेसाठीच धावतात. ओरेगॉननंतर तीनच आठवड्यांत साबळे बर्मिंगहॅमला ८:११.२० धावले. जुलैमध्ये त्यांच्या पायांतील बळ गेले नव्हते आणि ऑगस्टमध्ये ते अचानक परतले नव्हते.

येथे सर्वोत्तम वेळ या मापाविषयीच थोडे बोलले पाहिजे. वर्षातून बारा शर्यती धावणाऱ्याची सर्वोत्तम वेळ ही बारांतून निवडलेली एक असते, तीन धावणाऱ्याची तिनांतून. क्षमता सारखी असली तरी बारा संधी मिळालेल्याचा उत्तम दिवस बहुधा अधिक उत्तम असतो. प्रवासखर्च परवडणारी मुले अधिक शर्यती धावतात, आणि म्हणून त्यांची ‘प्रगती’ही अधिक दिसते. शिवाय एखाद्याला एका विलक्षण दिवसाच्या जोरावर शिष्यवृत्ती द्यावी, तर पुढच्या वर्षी तो बहुधा आपल्या नेहमीच्या पातळीवर उतरतो आणि आपण म्हणतो, पैसा मिळाला नि पोरगा आळशी झाला. फ्रान्सिस गाल्टन याने एकोणिसाव्या शतकातच हे सरासरीकडे परतणे दाखवून दिले होते. उंच बापाचा मुलगा बापाहून काहीसा ठेंगणा निघतो, यात मुलाचा काय दोष?

यावर आमच्या शारीरिक शिक्षणाच्या सरांचा आक्षेप असा की, ‘एवढा काथ्याकूट केला तर पारितोषिक द्यायचेच कोणाला? शर्यत शेवटी रेषेवर ठरते.’ आक्षेपात तथ्य आहे. शर्यत रेषेवर ठरते आणि ती तिथेच ठरावी. पण आपण पारितोषिक रेषेवरच्या क्रमांकाला देत नसून प्रगतीला देत आहोत, आणि प्रगती ही दोन घटनांमधील तुलना आहे. तुलना करणाऱ्यावर दोन्ही घटना जाणून घेण्याची जबाबदारी येते. त्याला फार मोठी साधने लागत नाहीत. वेळेबरोबर घड्याळाचा प्रकार, ट्रॅक, तारीख, हवामान आणि क्रमांक एका वहीत लिहून ठेवता येतात. एका सर्वोत्तम वेळेऐवजी वर्षातील उत्तम तीन वेळांची सरासरी घेता येते. शक्यतो तेच मैदान, तोच महिना यांची तुलना करता येते. मूल किती वर्षे सराव करीत आहे हे विचारता येते. मुलींच्या बाबतीत एखादे वर्ष आजारपणात किंवा घरच्या कामात गेले असल्यास तेही विचारता येते; हे कोणी विचारीत नाही, कारण तक्त्यात त्याला रकाना नसतो.

आधारवर्षाची निवड हा तर आम्हा अर्थशास्त्रज्ञांचा जुनाच दुखरा विषय. दुष्काळी वर्ष आधार धरले की पुढच्या साली शेतीची वाढ डोळे दिपविते. सुकाळाचे धरले की तीच शेती खालावलेली भासते. साबळे २०२५ च्या जुलैत मोनॅकोच्या शर्यतीत पडले आणि त्यांच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली. अशा दुखापतीनंतर धावपटू परततो तेव्हा त्याची पहिली वेळ कशाशी ताडून पाहायची? पॅरिसच्या ८:०९.९१ शी, की पुन्हा चालायला लागल्याच्या दिवसाशी? वृत्तपत्रे पहिला पर्याय निवडतात. त्याच्या प्रशिक्षकाची वही बहुधा दुसऱ्यापासून सुरू होत असेल.

आमच्या समितीचा नियम पुढच्या वर्षी बदलला. त्यासाठी मला तीन बैठका आणि एक बराच कंटाळवाणा टिपणलेख खर्ची घालावा लागला. त्या मुलीला मात्र त्याचा उपयोग झाला नाही. तिचे शेवटचे वर्ष संपले होते. जूनमध्ये ती गुणपत्रिका नेण्यासाठी कार्यालयात आली असता मी तिला विभागात बोलाविले आणि ०.२४ चा तो संकेत समजावून सांगितला. तिने माझ्या टेबलावरची पेन्सिल घेतली, १३.१४ खाली १३.०५ लिहिले, स्वतः वजाबाकी केली आणि म्हणाली, “म्हणजे नऊ शतांश, सर.” शिट्टीच्या आवाजाचे मी सांगू लागलो, तेव्हा तिने तेही ऐकून घेतले. मग तो कागद घडी करून गुणपत्रिकेच्या पाकिटात ठेवला आणि बसची वेळ झाली म्हणून निघाली.